अक्काच्या केसांना इस्त्री

आमच्या घरात सरळ केस एकट्या आईच्या वाट्याला आले होते. अण्णांचे केस कुरळे, आणि आम्हा दोघी बहिणींनी बाकी कशात नाही तरी केसांत मात्र बापाचं नाव राखलं. माझे आपले साधेच कुरळे होते. अक्काचे म्हणजे काय सांगू, कंगवा एकदा आत गेला की तो किती दातांनिशी बाहेर येईल याचा भरवसा नसायचा. अण्णा महिन्याचं सामान आणायला सायकलवर बेगम बाजारात जायचे, तेव्हा चिंच, लाल मिरची, शिकेकाई आणि रिठ्यांबरोबर आईच्या यादीत दोन फण्या ठरलेल्या असायच्या. सगळं एकाच पिशवीत यायचं, त्यामुळे शिकेकाईला मिरचीचा वास लागायचा आणि रविवारी न्हाताना आम्ही दोघी शिंकत शिंकत न्हायचो. आमचं घर मलकपेठेत, रेसकोर्सपासून हाकेच्या अंतरावर होतं. दोन खोल्या, पुढं अंगण, आणि अंगणापलीकडं रझिया खालांचं घर. परभणीकडचे शेतकरी आम्ही. अण्णा नोकरीपायी हैदराबादला आले आणि इथलेच झाले. घरात आम्ही परभणीचं बोलायचो, अंगणात उतरलो की ‘हौ’ आणि ‘नक्को’ आपोआप तोंडात यायचं. माझं अजूनही तसंच आहे. पुण्याला गेले की लोक मला दोनदा विचारतात, तुम्ही नक्की कुठल्या?

न्हाणं झालं की तेल. बिनतेलाचं डोकं आईला बघवतच नसे. ताप आला तरी तेल, परीक्षा असली तरी तेल, आम्ही दोघी भांडून फुगून बसलो तरी ती तेलाची वाटी कोमट करून आणायची आणि म्हणायची, “या इकडं, डोकी तापलीत तुमची.” आमच्या घरात माया करणं म्हणजे तेल लावणं, हे माझ्या मनात तेव्हापासून पक्कं बसलं होतं. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढं मी जो पराक्रम केला त्याचा थोडा तरी दोष आईच्या वाटीवर टाकता आला तर बघायचं आहे.

वेण्या मात्र आम्ही दोघी एकमेकींच्या घालायचो. सकाळी अंगणाच्या पायऱ्यांवर आधी मी खालच्या पायरीवर बसायची आणि अक्का माझी वेणी घालायची, मग आम्ही जागा बदलायचो. आतून आईच्या भाकरी थापण्याचा आवाज, रेसकोर्सकडून फेरफटक्याला काढलेल्या घोड्यांच्या टापा, आणि खालांच्या शिलाई मशीनची खडखड. अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. एरवी ती मोजकंच बोलायची. पण वेणी घालून घेताना तिची पाठ माझ्याकडं असायची, तोंड दिसायचं नाही, त्यामुळे असेल, तिला मनातलं बोलता यायचं. कॉलेजातल्या कोणत्या मैत्रिणीनं काय केलं, आईचं काय पटत नाही, सगळं मला तीन पेडांच्या वेणीबरोबर मिळायचं. मी मुद्दाम सावकाश घालायची. एखादा पेड सोडून पुन्हा घालायची. तिला कळायचं, तरी ती उठायची नाही.

अशीच एकदा वेणी घालताना ती म्हणाली, “मंगे, काकानं आणलेलं ते मानवतचं स्थळ मला नको आहे गं.” मानवत आमच्या परभणीकडचंच गाव, स्थळ चांगलं होतं. जमीन, विहीर, दारात ट्रॅक्टर. वाईट एवढंच की अक्काला नको होतं. तिला शिकवायचं होतं. गणितात ती पहिल्यापासून हुशार, शिक्षिकेचं ट्रेनिंग झालेलं, आणि सुलतान बाजाराच्या बाजूला एक मराठी शाळा होती, तिथं येत्या सोमवारी मुलाखतीला बोलावणं आलं होतं. तिनं धीर करून अण्णांना सांगितलं. अण्णा तसे समजूतदार, पण मोठ्या भावापुढं त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची. ते म्हणाले, “सोमवारी नोकरी लागली तर मी दादाला कळवतो, पोरगी इतक्यात करत नाही म्हणून. नाही लागली तर मी कोणत्या तोंडानं नाही म्हणू?” म्हणजे सोमवारवर सगळं होतं. आणि जाता जाता अण्णांनी आणखी एक वाक्य टाकलं, “आणि ते केस जरा बसवून जा. शाळेच्या मोठ्या बाई फार शिस्तीच्या आहेत म्हणतात.” स्वतःच्या डोक्यावर गवताची गंजी घेऊन फिरणाऱ्या माणसानं हे बोलावं! अक्कानं आरशासमोर जाऊन दोन्ही हातांनी केस दाबून धरले आणि सोडले. ते पुन्हा जिथल्या तिथं उभे राहिले. तिचा चेहरा बघून मी ठरवलं की आता हे काम माझं.

माझ्या अंगात हा आत्मविश्वास कुठून आला, ते सांगायला हवं. रझिया खाला ब्लाउज शिवायच्या. त्यांच्याकडं कोळशाची एक दणदणीत पितळी इस्त्री होती, आणि शाळेतून आल्यावर मी तिथं इस्त्री शिकायला जायची. शिकायला म्हणजे, खालांची खट्टी दाल आणि भात खायला. इस्त्री मधल्या वेळात. पण शिकले. इस्त्रीच्या तळाला ओलं बोट लावून थेंब सोडायचा. थेंब टणकन उडाला तर ती आंच सुतासाठी. थेंब जागेवर बसून हळूहळू सुकला तर रेशमासाठी. “और पहले कोने पे देख लेना, बेटे,” खाला म्हणायच्या, “फिर आगे बढ़ना. जला तो कोना जला, साड़ी नहीं जली.” दोन-तीन महिन्यांत मी अण्णांचे शर्ट कडक करू लागले. खालांनी एकदा माझं कौतुक केलं आणि मी कामातून गेले. हातात इस्त्री आली की मला जगात काहीही सरळ करता येईल असं वाटायला लागलं.

तरी मी अगदीच मूर्ख नव्हते. शुक्रवारी खाला नमाज पढायला आत गेल्या तेव्हा मी आधी माझ्याच एका बटेवर करून बघितलं. केस कोरडे होते, इस्त्री विझत आलेली, वर मलमलचा तुकडा ठेवला आणि एकदाच फिरवली. आणि काय सांगू, बट सरळ झाली! अगदी आईच्या केसांसारखी. अर्धा तास टिकली. त्या अर्ध्या तासात मी उगाचच तीनदा आरशासमोरून गेले, दोनदा पाणी प्यायला आणि एकदा अक्काला दाखवायला. अक्कानं बट हातात घेतली, ओढून बघितली. “माझी होतील असली?” तिनं विचारलं. एवढ्या आशेनं तिनं माझ्याकडं कधीच काही मागितलं नव्हतं.

रविवारी खाला कुठल्याशा नात्यातल्या दावतीला जायच्या होत्या. मी जाऊन सांगितलं, अण्णांचा शर्ट करायचा आहे. त्यांनी इस्त्री दिली. तो शर्ट काही झाला नाही. दुपारी अण्णा झोपले होते, आई स्वयंपाकघरात धपाटे करत होती. मी पुढच्या खोलीतल्या तख्तावर घोंगडी घडी करून टाकली, वर धुतलेली चादर. अक्काला खाली बसवलं, मान मागं टेकवायला लावली आणि केस तख्तावर पसरले. शिकेकाईनं न्हालेले, कडकडीत वाळलेले केस. तोंड खिडकीकडं. “जळणार नाहीत ना गं?” अक्का म्हणाली. “माझे जळले का?” मी म्हटलं. इथवर सगळं ठीक होतं. इथं जर मी शुक्रवारी केलं तसंच केलं असतं, तर हे प्रकरण लिहायची वेळ आली नसती.

पण मला अक्काची काळजी वाटली ना! तिचे केस कोरडे दिसत होते, राठ दिसत होते, आणि उद्या तिचं सगळं या केसांवर होतं. आतून धपाट्याचा वास येत होता. माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आई तव्यावर तेल सोडते म्हणून धपाटं जळत नाही. मग केसांवर तेल सोडलं तर केस कसे जळतील? मी उठले, खोबरेल तेलाची बाटली आणली आणि दोन्ही तळहात भरून अक्काच्या केसांना चोळलं. अगदी मायेनं. अक्कालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्या घरात कोणालाच वाटलं नसतं. मग इस्त्रीला ओलं बोट लावलं. थेंब शांत बसून राहिला, म्हणजे रेशमाची आंच. मी मनात म्हटलं, हे केस काही रेशमानं ऐकणारे नाहीत. आईच्या शेगडीतले चार निखारे आणून घातले, पंख्यानं वारा घातला. आता थेंब असा उडाला की माझ्या गालावर आला. कोपऱ्यावर करून बघायचं तर राहिलंच. शुक्रवारी बघितलं होतं ना! मी उजव्या बाजूची चांगली चार बोटं रुंद बट घेतली, मलमल टाकली, आणि इस्त्री नुसती फिरवली नाही तर दाबून धरली.

चर्रर्र असा आवाज आला. नेमकी तेव्हाच रेसकोर्सवर शर्यत सुटली असावी, कारण तिकडून लोकांचा मोठा गलका उठला, आणि मला क्षणभर वाटलं की तो माझ्यासाठीच आहे. धूर आला. खिडकीकडं तोंड करून बसलेली अक्का शांतपणे म्हणाली, “मंगे, धपाटं करपल्याचा वास यायलाय का गं?” आणि स्वयंपाकघरातून आई ओरडली, “माझं काही करपलं नाही! तुमच्याकडंच काहीतरी करपायलंय!”

मी इस्त्री उचलली. मलमल उचलली. मलमलबरोबर बटही आली. इतकी वर्षं झाली, तो तुकडा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. पिवळा डाग पडलेला, आणि त्याला चिकटलेले अक्काचे केस, अखेर एकदाचे सरळ झालेले. तापलेलं तेल ओघळून तिच्या कानाच्या पाळीवर फोड आला होता. ती किंचाळली ती कानापायी. केसांचं तिला आरशात कळलं. उजव्या कानावर चार बोटं जागा, तिथं बोटभर खुरटे, पिंगट, चुरगळलेले अवशेष. ती रडली नाही, मोठ्यानं नाही. आरशाकडं बघत एवढंच म्हणाली, “उद्या मी कशी जाऊ?” आणि मी, आयुष्यात जेव्हा जेव्हा गप्प बसायला हवं होतं तेव्हा तेव्हा बोललेली मी, म्हणाले, “दुसऱ्या बाजूचेही तेवढेच कापले तर सारखे दिसतील.”

अक्का माझ्याकडं वळली. “पुन्हा माझ्या केसांना हात लावायचा नाहीस,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही. आईनं मला दोन धपाटे घातले, हे खाण्यातले नव्हेत. अण्णा उठून बाहेर आले, बघितलं, आणि अंगणात जाऊन उभे राहिले; मला वाटतं त्यांना स्वतःचं ते वाक्य आठवलं असावं. आणि मग आईनं काय केलं असेल? वाटीत तेल कोमट केलं आणि अक्काच्या कानाला लावलं.

दिवेलागणीला खाला दावतीहून परतल्या, नवा शरारा, हातात बिर्याणीचा डबा. अक्काचं डोकं बघून डबा तसाच खाली ठेवला. “या अल्ला! ये क्या कर दिए मा तुम लोगां?” मग मला पुढं बसवून सगळं वदवून घेतलं. तेलाचं ऐकलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. “तेल डाल के पकोड़े तलते, दीवानी! बालां तो कच्चा रेशम है. सूखे रहना, आंच हल्की रहना, बीच में कपड़ा रहना, एक बार फेरना और छोड़ देना. और रोज-रोज तो करनाच नक्को.” मला वाटलं आता मारतील, पण त्यांनी कात्री आणली, जळकी टोकं कापली, वरचे केस ओले करून त्या जागेवरून घट्ट आडवे घेतले, चिमटे लावले आणि अशी वेणी घातली की लांबून काही कळू नये. जवळून कळत होतं. मी कोपऱ्यातून बघत होते. बिर्याणी मला कोणी वाढली नाही. मी आपली आपणच घेतली.

सोमवारी मी शाळेत गेले नाही. पोट दुखतं म्हटलं, आणि खरंच दुखत होतं. माझ्यापायी अक्काला मानवतला जावं लागणार, ती तिथं विहिरीवर धुणं धूत बसणार, आणि तिची गणितं कोणी सोडवणार नाही, हे मला डोळ्यांसमोर दिसत होतं. मला फार भीती वाटत होती. देवापुढं बसून मी नवस बोलले की अक्काची नोकरी लागू दे, मी माझे केस देते. म्हणजे सगळे नाही, तेवढेच चार बोटं. देवाशी बोलतानासुद्धा मी हिशेबी होते.

दुपारी चारला अक्का बसमधून उतरून गल्लीत आली. तिच्या चालण्यावरून काही कळेना. अंगणात तिनं चपला काढल्या, पायावर पाणी घेतलं, तेवढ्यात मी, आई, अण्णा आणि कुंपणापलीकडून खाला असे चारही जण गोळा झालो. “लागली,” ती म्हणाली. आई देवाकडं धावली. अण्णा डोळे पुसायला लागले. अक्का पायरीवर बसली, चिमटे काढले, आणि म्हणाली, “मोठ्या बाईंचे केस माझ्यापेक्षा कुरळे आहेत.” अण्णा इतके हसले की त्यांना ठसका लागला. खालाही हसल्या. मीही हसायला सुरुवात केली आणि अक्काकडं बघून थांबले.

नंतर कळलं की बाईंनी कानाचा फोड बघून विचारलं होतं, आणि अक्कानं सगळं खरं सांगितलं होतं, तेलासकट. बाई म्हणाल्या म्हणे, घरात असली बहीण सांभाळलीत म्हणजे सातवीचा वर्ग तुम्हाला जड जाणार नाही. तेव्हापासून ती नोकरी माझ्यामुळे लागली असं मी चारचौघांत सांगत आले आहे. अक्काचं म्हणणं, त्यांना गणिताची बाई हवी होती, बाकी काही नाही. अण्णांनी त्याच संध्याकाळी काकाला पत्र घातलं. मानवत टळलं. दोन-तीन वर्षांनी अक्कानं इथल्याच एका मास्तरांशी लग्न केलं, स्वतः होऊन हो म्हणून.

पण मंगळवारी सकाळी मी कंगवा घेऊन पायरीवर बसले, तेव्हा अक्का आली, तिनं माझी वेणी घातली, नेहमीसारखी, नीट. मग आम्ही जागा बदलायच्या, तर ती उठून आत गेली आणि आरशासमोर उभी राहून स्वतःची वेणी स्वतः घालू लागली. मला वाटलं आठवडाभर चालेल. महिना चालेल. केस परत आले, फोडाची खूणही गेली, पण ती परत खालच्या पायरीवर बसली नाही. लग्नातसुद्धा तिचा अंबाडा खालांनी घातला. आमचं काही बिनसलं होतं असं नाही. एकमेकींची बाळंतपणं आम्ही केली, आई-अण्णांचं सगळं दोघींनी मिळून केलं. बोलायचो, भांडायचो. पण ते पाठमोरं बोलणं गेलं ते गेलंच. मला त्याचं फार वाईट वाटायचं, आणि एवढी बडबडी मी, हे तिला कधी बोलू शकले नाही.

हे सगळं आता लिहायचं कारण इरा. इरा ही अक्काची नात. तिचे केस बघून अण्णा परत आले की काय असं वाटतं. तिला मराठी बोलता येतं, वाचायला दिलं की एकेक अक्षर लावत बसते, त्यामुळे मी हे बिनधास्त लिहू शकते. परवा अक्काकडं गेले तर ही बाई केस सरळ करायचं मशीन घेऊन बसलेली. मी शहाणपणा शिकवायला गेले, तर तिनंच मला शिकवलं. “मंगल आज्जी, हेअर पूर्ण ड्राय पायजे. हीट कमी ठेवायची. आधी हा स्प्रे. छोटे छोटे सेक्शन घ्यायचे, एकदाच पास करायचा. आणि डेली तर नक्कोच.” मी म्हटलं, हे सगळं आम्हाला खालांनी पितळी इस्त्रीवर सांगितलं होतं, फक्त ऐकायला डोकं नव्हतं. मग तिनं आग्रह केला म्हणून तेलाची गोष्ट सांगितली. धपाट्याच्या वासाशी आल्यावर ती पलंगावर लोळून हसली. अक्का खुर्चीत बसून ऐकत होती. तिचे केस आता पांढरे, विरळ, टोकाशी मात्र अजून वळलेले.

गोष्ट संपल्यावर अक्का उठली. गुडघ्यांवर हात ठेवत, कण्हत, माझ्या पायाशी असलेल्या वेताच्या बुटक्या मोढ्यावर येऊन बसली, माझ्याकडं पाठ करून. अंबाड्याचा काटा काढला आणि केस मोकळे सोडले. “कर,” ती म्हणाली. “फक्त तेल लावू नको.”

इरानं ते मशीन पुढं केलं, मी म्हटलं, बंद कर बाई ते, मला कंगवा दे. मी केस विंचरले. मूठभरही नव्हते. तीन पेड केले आणि सावकाश घालायला लागले, एक पेड मुद्दाम सोडला आणि पुन्हा घातला. अक्का समोरच्या भिंतीकडं बघत होती. जरा वेळानं ती हळूच, इराला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, “मंगे, त्या मानवतच्या मुलाला मी एका लग्नात बघितलं होतं गं. दिसायला फार छान होता.”

“अगं बाई! आणि हे तू आत्ता सांगायलीस?”

“मग कधी सांगू?” अक्का म्हणाली. “माझी वेणी कोण घालत होतं?”